भेटीची वेळ चार ते पाच

हे कुणालाही खरं वाटणार नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. गुरुसिद्धाच्या बोलण्याला किती भाव द्यायचा हे कसबा बावड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नेसरीच्या ओढ्यात मी मगरीला गुळाचा खडा चारला, ही गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलोय आणि लोक वीस वर्षं हसत आलेत. हसू देत. त्या गोष्टीत मगर खोटी होती, ओढा तरी खरा होता. या गोष्टीत खरं कुठवर आहे आणि खोटं कुठून सुरू होतं, ते ऐकणाऱ्यानं आपलं आपण बघावं.

रविवारी दुपारी जोतीराम आणि त्याची बायको आक्का आमच्याकडं आले. गंगव्वाला, म्हणजे माझ्या बायकोला, दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले होते आणि रोज कोणी ना कोणी बघायला येत होतं. शहाळी आणि बिस्किटाचे पुडे ठेवायला घरात जागा उरली नव्हती. जोतीराम साखर कारखान्यात पॅनमन होता. उकळत्या पाकातला दाणा बोटांत चोळून बघायचा आणि झाला की नाही ते सांगायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्यामुळं कुठलीही गोष्ट चोळून बघितल्याशिवाय तो सोडत नाही.

गंगव्वा आतल्या खोलीत गोळी घेऊन पडली होती. मधला पडदा ओढलेला होता. झोपली असेल असं सगळ्यांनीच धरलं. आक्कानं आवाज बारीक करून विचारलं की आय.सी.यू.त म्हणे सात दिवस होती, तुम्हाला आत सोडत होते का? मग मी सांगायला बसलो.

तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टरनं अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. मंगळसूत्र दिलं, पाटल्या दिल्या, नाकातली चमकी निघत नव्हती ती साबण लावून काढली. शेवटी सिस्टरचा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं गेला, तसा गंगव्वानं तो धरला. त्या डबीत तिचं इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत जन्मल्यावर गळ्यात बांधतात ते मरेपर्यंत अंगावरून हलत नाही. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं, बघत बसायचं, आणि मग तोंडात पाणी घालायचं. माझं लिंग निम्मा वेळ देवघरातल्या खुंटीला असतं, मी काही तसला कडक माणूस नव्हे. पण गंगव्वानं एकोणपन्नास वर्षांत एक दिवस चुकवलेला मला आठवत नाही. आमच्या मुलाच्या, वीरेशच्या वेळी बाळंतपणाच्या खाटेवरही तिनं आधी लिंग हातावर घेतलं आणि मग कण्हायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी समजावलं की छाती उघडणार, मानेत नळी असणार, गळ्यात काहीच ठेवता येणार नाही. सिस्टर म्हणाली, कपाटात कुलूप लावून ठेवते. गंगव्वानं तिच्याकडं बघितलंही नाही. स्वतःच्या हातानं दोरा काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "भेटीच्या वक्ताला तुम्ही आत यायचं आणि माझ्या तळव्यावर ठेवायचं. मग मी पाणी घेईन."

मी हो म्हणालो. स्ट्रेचरशेजारी उभा असलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

आता इथं एक सांगायला पाहिजे. लिंग तळहातावर घ्यायचं ते बसून, आपलं आपण. दुसऱ्यानं आपल्या हातावर ठेवायची वेळ एकदाच येते. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, तसंच मातीत उतरवतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. माझा थोरला भाऊ राजशेखरअण्णा गेला तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. हात गार होता. मी लिंग ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. करंगळी राहत नव्हती, सारखी उघडायची. ती धरून बसलो होतो. तेव्हापासून त्या करंगळीचा दाब माझ्या बोटांत आहे. भाकरी मोडताना येतो, सदऱ्याचं बटण लावताना येतो. आणि आता मला झोपलेल्या गंगव्वाच्या हातावर रोज लिंग ठेवायचं होतं.

झडप नीट बसली, पण मूत्रपिंडं सुस्त पडली. दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. डॉक्टर म्हणाले, आता तोंडानं खाणंपिणं सुरू झालं पाहिजे, अंगात ताकद राहिली नाही तर आम्ही किती लढणार. सिस्टरनं चमचाभर पाणी पुढं केलं तर गंगव्वानं ओठ मिटून घेतले.

भेटीची वेळ चार ते पाच. एक पेशंट, एक पास, एक माणूस, वहीत सही. पास माझ्या नावाचा होता. वीरेश खालची औषधं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या बघायचा, वर जायचं काम माझं.

नळी काढली त्याच दिवसापासून भेट सुरू झाली. पहिल्या दिवशी मी चारला पाच कमी असताना जिना चढायला लागलो. तिसरा मजला. तेवढ्याला वीस मिनिटं कुणाला लागत नाहीत, मला लागली. दाराशी वही घेऊन प्रियदर्शनी नावाची सिस्टर बसलेली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजोबा, तुम्ही आत गेलाय की. मघाशीच सही केलासा."

मी म्हणालो, चुकताय तुम्ही, मी आत्ता येतोय. तिनं वही फिरवून दाखवली. सही माझी होती. गुळाच्या सौद्यात मी चाळीस वर्षं सह्या केल्यात. 'गु'चं शेपूट सगळ्या नावाखालून ओढत नेतो आणि शेवटी वर उचलतो, तसं उचललेलं. शाई अजून ओली होती.

दाराला पाटीएवढी काच होती. मी नाक लावून आत बघितलं. तिसऱ्या खाटेवर गंगव्वा, आणि खाटेशेजारच्या खुर्चीवर माझ्याकडं पाठ करून एक म्हातारा. डोक्याला रुमाल, अंगात करडा कोट. कोटाच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, काळ्या कापडाचं चार बोटांचं ठिगळ. गंगव्वाचा डावा हात पालथा नव्हता, उताणा होता, आणि त्यावर काळं लिंग. म्हातारा वाकून काहीतरी बोलत होता. मग त्यानं वाटीतलं पाणी चमच्यानं तिच्या तोंडाला लावलं आणि तिनं ते घेतलं.

माझा हात छातीवर गेला. डबी जागेवर होती, पण तिला वजन नव्हतं. उघडून बघितली. आत काही नव्हतं.

जोतीराम इथं खुर्चीत पुढं सरकला. तो म्हणाला, बावड्यात रुमाल बांधणारा तू एकटाच हायस व्हय, दुसरा कोणतरी चुकून शिरला असंल. मी विचारलं, माझी सही पण चुकून केली का त्यानं? त्यावर त्यानं मिशीतल्या मिशीत हसून आक्काला कोपर मारलं.

भीती वाटली का म्हणून आक्कानं विचारलं. वाटली. पण भीतीच्या आधी दुसरंच काही वाटलं, ते सांगायला मला लाज वाटते. बरं वाटलं. हातातलं ओझं कोणीतरी घ्यावं तसं. मी बाकावर येऊन बसलो. पाचला घंटा झाली, नातेवाईक बाहेर आले, मी एकेक तोंड मोजलं. म्हातारा आला नाही. काचेतून बघितलं तर खुर्ची रिकामी होती, आणि त्याच वेळी गळ्यातला दोरा मानेत रुतला. डबी भरली होती. उघडली तर लिंग आत, आणि ते कोमट होतं. कुणाच्या तरी तळहातावर तासभर राहिल्यासारखं.

घरी येऊन पहिल्यांदा मी कोट काढला आणि उलटा धरला. डाव्या खांद्याखाली काळं ठिगळ होतं. जुन्या छत्रीचं कापड, गंगव्वाचा टाका. मला ते ठाऊकच नव्हतं. तिनं कधी लावलं, किती वर्षं मी ते पाठीवर घेऊन सौद्यात, लग्नांत, मयतांत फिरलो, देव जाणे. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते. मला ती काचेतून दिसली होती.

दुसऱ्या दिवशी मी तीनलाच जाऊन दारासमोरच्या बाकावर बसलो. डोळ्याची पापणी हलवली नाही म्हटलं तरी चालेल. चार वाजता दार उघडलं, लोक आत गेले, मी उठायला गेलो तर दोन्ही पाय झोपलेले. मुंग्या. जरा चोळून दाराशी पोचलो तर सिस्टर म्हणाली, काय आजोबा, काही विसरलं का आत? तिसऱ्या दिवशीही तसंच. वहीत सही, खुर्चीत पाठ, छातीवर हलकी डबी. मी वाद घालणं सोडून दिलं. काचेशी उभा राहायचो. श्वासानं काच धुरकट झाली की कोपरानं पुसायचो.

बाकावर गारगोटीचा कृष्णात असायचा. त्याची आई गंगव्वाच्या शेजारच्या खाटेवर होती. चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "काय गोष्ट सांगितलीसा ओ पावणं काल. आमची म्हातारी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली."

कुठली गोष्ट म्हणून मी विचारलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, पण सांगितली त्यानं. एक विहीर असते. उन्हाळ्यात आटते. एका दुपारी ती शेतातून उठते आणि पाणी प्यायला पंचगंगेवर जाते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण तिला विचारतो, बाई, एकटीच कुठं निघालीस? आणि परत येते तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच विहीर येऊन बसलेली असते, काठोकाठ भरलेली. मालकाला फरक कळत नाही. फक्त मोट ओढणारा बैल तेवढा पाणी प्यायला तयार होत नाही.

ही गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. ऐकलेलीही नाही. आणि खरं बोलायचं तर माझ्या मगरीपेक्षा ती चांगली होती. जन्मात पहिल्यांदा मला कुणाचा हेवा वाटला. इतकी वर्षं मी गंगव्वाला सांगत आलो, ती भाजी निवडता निवडता नुसतं हूं हूं करायची. आणि काचेपलीकडं तिच्या सुकलेल्या ओठांचा कोपरा हलत होता. तो तिला हसवत होता.

तिनं पेज घेतली. मग मऊ भात. वीरेश धावत वर आला आणि म्हणाला, अप्पा, मूत्रपिंडं कामाला लागली, डॉक्टर म्हणतात अव्वा खातीय म्हणून झालं, आणि ती तुमच्यामुळं खातीय. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी त्याच्या खांद्यावरून दाराकडं बघत होतो. काय सांगणार होतो मी पोराला? की तुझी आई वाचतीय, पण तिच्याजवळ बसलाय तो कोण आहे ते मला माहीत नाही?

हाकलावं तर ती जेवायची थांबणार. राहू द्यावं तर तो कशासाठी आलाय?

जोतीराम आता हसत नव्हता. त्यानं बशीतला चहा तसाच धरून ठेवला होता.

सहाव्या दिवशी तो वळला. सरळ काचेकडं बघितलं त्यानं. तोंड माझंच. फक्त दाढी केलेली होती, गुळगुळीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, जसं गंगव्वाला आवडतं तसं. माझी दाढी सहा दिवस वाढलेली आणि मी अंघोळही धड केली नव्हती. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. कोण आत आणि कोण बाहेर याची मला थोडा वेळ शंका आली. त्याच्या नजरेत राग नव्हता, वाईट काही नव्हतं. सौद्यात शेवटचा भाव पुकारून झाला की दलाल जरा थांबतो, आणखी कोणी बोलणार आहे का बघतो, तसं तो बघत होता.

मग तो गंगव्वाकडं वळला. तिच्या तळहातावर लिंग होतं. त्यानं तिचा अंगठा धरला आणि आत दुमडला. मग पहिलं बोट. मग मधलं. हळू, घाई नाही. हे कसं करतात ते मला ठाऊक आहे, मी केलेलं आहे. करंगळी राहिली आणि तेवढ्यात पाचची घंटा झाली.

खुर्ची रिकामी. डबी जड. उघडली तर या वेळी लिंग गार होतं.

आक्कानं पदर तोंडाला लावला. मी घोटभर पाणी प्यालो.

सातव्या दिवशी मी सकाळी न्हालो. दाढी केली, इतकी घोटून की हनुवटी सोलली. कोट घासून घातला. चार वाजायच्या ठोक्याला मी जिन्याच्या तळाशी होतो आणि तिन्ही मजले मी एका दमात चढलो, हे वय असून. प्रियदर्शनी सिस्टर मला बघून उभीच राहिली. वही पुढं केली. माझ्या नावापुढं जागा कोरी होती. मी अशी सही ठोकली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. दार ढकललं. आतली हवा अशी गार की दात वाजावेत. खुर्चीत कोणी नव्हतं, पण मी बसलो तर बैठक अंगाखाली उबदार लागली, आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी. मी मोठ्यानं म्हणालो, जा बाबा आता, माणूस आलाय. सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

डबी उघडली. लिंग काढलं. हात कापला नाही माझा, शपथ. तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं मी माझ्या बोटांनी उघडी धरून ठेवली, पाचही, करंगळीसकट, तासभर. खाटेवरच्या मॉनिटरची हिरवी रेघ घोड्यासारखी उड्या मारायला लागली. गंगव्वानं डोळे उघडले आणि म्हणाली, आज हात ओळखीचा लागतोय. मी तिला मगरीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ती हूं हूं करत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात हलवलं. तो म्हातारा परत कुणाला दिसला नाही.

आक्का डोळे पुसत होती. जोतीरामनं गार झालेला चहा एका घोटात संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, की ते भुताचं सोड, पण शेवटी तू गेलास ते मर्दाचं काम केलंस.

पडद्यामागं खाट करकरली.

"खोटं हाय त्ये, जोतीरामभाऊ," गंगव्वा म्हणाली. आवाज बारीक होता, पण झोपेतला नव्हता.

जोतीराम हसून म्हणाला, "म्हाईत हाय की वहिनी. भूत कुठलं आलंय दवाखान्यात."

"भुताचं मला काय ठावं न्हाई. सहा दिवस हेच आलते. विहिरीची गोष्ट पण हेनीच सांगितली, हेंचाच हात हुता, मला हात कळत न्हाई व्हय?" ती दम घ्यायला थांबली. "सातव्या दिवशी कोण आलं न्हाई. खुर्ची मोकळी हुती. पाच वाजेपतोर मी हात उघडा ठेवून दाराकडं बघत हुते. तुम्ही काचंच्या पल्याड उभं हुतासा, दाढी करून, आणि आत आला न्हाईसा."